दांडीचा चष्मा आणि फुटका आरसा

रविवारी संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर वाद पेटला तो वकिलांच्या एका विधानावरून. आदल्या रात्री त्यांनी सत्यजित राय यांचा १९६४ सालचा ‘चारुलता’ प्रथमच पाहिला होता, आणि बंगाली येत नसल्यामुळे पडद्याखालच्या ओळी वाचण्यातच निम्मा चित्रपट हातून निसटला, असे त्यांचे म्हणणे होते.

“पण सुरुवातीची सात मिनिटे कशी निसटतील?” तात्यांनी विचारले. “तिथे वाचण्यासारखे जवळजवळ काही नाहीच.”

त्या प्रसंगाबद्दल तात्या जे बोलले, ते विस्ताराने सांगण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यातली दुपार. चारू रुमालावर एक अक्षर भरते आहे. चार वाजल्यावर ती नवऱ्याकडे चहा पाठवायला सांगते, कपाटातली पुस्तके चाळते, आणि रस्त्यावर माकडवाल्याचे डमरू वाजताच दांडीला धरून डोळ्यांपुढे घ्यायचा चष्मा आणून, या खिडकीवरून त्या खिडकीवर धावत, झडपांच्या फटींतून छत्रीवाल्या माणसाचा पाठलाग करते. इथपर्यंत चष्मा हा खेळ आहे. मग भूपती, तिचा नवरा, पुस्तकात डोके घालून तिच्या अगदी जवळून निघून जातो. ती तिथे आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही, आणि ती तोच चष्मा उचलून त्याच्याकडे पाहते. लांबच्या माणसासाठी आणलेली वस्तू घरातल्या माणसावर रोखली जाते, आणि त्या लग्नातले अंतर आपल्याला डोळ्यांनी मोजता येते.

“म्हणजे चष्मा बरोबर एकाकीपणा,” वकील म्हणाले. “असे कोष्टकच मांडायचे, तर शांतारामबापूंनी ते सत्तावीस वर्षे आधी मांडले होते. ‘कुंकू’मधला फुटका आरसा आठव.”

नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला प्रभात फिल्म कंपनीचा हा चित्रपट १९३७ सालचा. तरुण नीराशी लग्न लावून बसलेले म्हातारे काकासाहेब, म्हणजे केशवराव दाते, तडकलेल्या आरशात आपल्याच चेहऱ्याची शकले पाहतात. मला तो आरसा किंचित मोठ्याने बोलतो असे वाटते आणि तसे मी म्हणालोही. पण त्याच चित्रपटातल्या भिंतीवरच्या जुन्या घड्याळाने मला कायमचे जिंकले आहे. ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे कोणत्याही वाद्याच्या आधाराशिवाय ती टिकटिक ऐकू येते, आणि काकासाहेबांचे उरलेले आयुष्य त्या खोलीत सरताना जाणवते.

“तू आरशावर अन्याय करतो आहेस,” तात्या म्हणाले. “वय लपवू पाहणारा माणूस आरशापुढे जाणारच. वस्तू आधी त्या पात्राच्या गरजेची असावी लागते, अर्थ तिच्या मागून येतो.”

हे मला पटले, आणि कोष्टकाच्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच मिळाले. चष्म्याचा अर्थ एकच असता, तर पुढे बागेत झोपाळ्यावर बसलेली चारू तोच चष्मा पुन्हा लावते तेव्हा नवे काही कळले नसते. तिथे तिला आधी दूरच्या खिडकीतली आई आणि तिचे मूल दिसते, आणि मग जवळच लिहीत पडलेला तिचा दीर, अमल.

“तिथे ती काय म्हणते?” वकिलांनी विचारले.

“काहीच नाही,” तात्या म्हणाले. “चष्मा खाली घेते.”