नेक्स्ट स्लाइड, प्लीज

गेल्या आठवड्यात आमच्या प्लँटमध्ये क्वालिटी रिव्ह्यू झाला. अडीचला सुरू झाला तो जनरल शिफ्टची बस निघून गेली तरी चालूच. तेव्हापासून माझी खात्री पटली आहे की प्रेझेंटेशन ही एक कला आहे. ती ज्यांना येते ते वर जातात. ज्यांना नुसतं काम येतं ते मागच्या रांगेत बसून प्रोजेक्टरची वायर हलवत राहतात. तुम्हालाही वर जायचं असणारच, म्हणून हे चार अनुभवाचे बोल. लिहून घ्या.

आधी जाऊन प्रोजेक्टर लावून बघणं हा अपशकुन आहे. सगळे स्थानापन्न झाले की मगच लॅपटॉप पिशवीतून काढायचा. त्याला हवं ते भोक नसतंच. त्याचा अडॅप्टर एचआरच्या कपाटात असतो, आणि किल्ली ज्या मॅडमकडे असते त्या रजेवर. मिळालाच अडॅप्टर, तर ऑनलाइन असलेल्या मंडळींना विचारायचं, 'आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय?' तिकडून उत्तर येतं, 'तुमचा इनबॉक्स दिसतोय.' मग फक्त पीपीटी शेअर न करता अख्खा डेस्कटॉप शेअर करायचा, म्हणजे आपलेपणा वाढतो. आमच्या वक्त्यांच्या घरी त्या संध्याकाळी गवारीची भाजी होती, हे आम्हाला कोपऱ्यात उगवलेल्या मेसेजवरून कळलं. डेस्कटॉपवर 'सीव्ही_नवीन_फायनल२' नावाची फाइलही होती. ती सगळ्यांनी वाचली आणि सगळ्यांनी छताकडे बघितलं.

पीपीटी नव्याने करत बसू नका. मागच्या वर्षीची उघडा, तारीख बदला. पहिल्या स्लाइडवरची तेवढी.

स्लाइड किती असाव्यात? गाय कावासाकी नावाच्या एका भल्या माणसाने पैसे मागायला येणाऱ्या नवउद्योजकांसाठी नियम सांगून ठेवला आहे: १० स्लाइड, २० मिनिटं, आणि ३० पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको. आपण हे आकडे पाळतोच, फक्त जागा बदलतो. अक्षर १० पॉइंटचं, पहिल्या २० मिनिटांत अजेंडा, आणि ३० स्लाइड झाल्या की चहा. १९८७ मध्ये पॉवरपॉइंट पहिल्यांदा मॅकवर आलं, तेव्हा त्यातून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका छापायच्या असत. प्रत्येक पारदर्शिकेला पैसे पडत, त्यामुळे माणूस हात राखून असे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने पॉवरपॉइंट बनवणारी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलर मोजून घेतली. आता स्लाइडला पैसे पडत नाहीत. पडतो तो समोर बसलेल्या पंचवीस जणांचा पगार, आणि तो काही आपल्या खिशातून जात नाही.

डाव्या कोपऱ्यात कंपनीचा लोगो, उजव्या कोपऱ्यात ग्रुपचा, खाली वर्धापनदिनाचा, कडेला सेफ्टीचं घोषवाक्य. मजकूर उरलेल्या जागेत बसवा. तरी मोकळं वाटलं तर तो पांढरा, बिनचेहऱ्याचा, प्रश्नचिन्हाला टेकून उभा असलेला बाहुला टाका. त्याला पाहिल्याशिवाय कुठल्याच भारतीय प्रेझेंटेशनचं पुण्य पदरात पडत नाही.

एक्सेलची अख्खी शीट जशीच्या तशी चिकटवा आणि म्हणा, 'मागे बहुधा दिसणार नाही, पण...' (दिसणार नाही हे माहीत आहे, तर लावता कशाला? असो. उपरोध, उपरोध.)

सेफ्टी वीकमध्ये कामगारांसाठी मराठी स्लाइड कराव्या लागतात. त्या आपल्या पीसीवर कृतिदेवमध्ये टाइप करायच्या आणि पेन ड्राइव्हवरून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडायच्या. तिथे तो फॉन्ट नसतो. हेल्मेटबद्दलच्या सूचनेच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविरामांचा सडा पडतो. युनिकोड येऊन जमाना झाला, आजच्या कुठल्याही फोनवर मराठी नीट उमटतं, पण परंपरा म्हणून काही असतं की नाही? समोर बसलेले दोनशे कामगार टाळ्या वाजवतातच. वडापाव त्यानंतर असतो.

आता वाचन. स्लाइडवर जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवा. लोकांकडे पाठ करून वाचलंत तर उत्तम, म्हणजे कोण झोपलंय ते दिसत नाही आणि मन विचलित होत नाही. लोक तुमच्या आधी वाचून मोकळे होतात, हे खरं आहे. होऊ देत. अॅमेझॉनच्या जेफ बेझोसने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद करून टाकलं. त्याऐवजी फार तर सहा पानांचं टिपण, सरळ वाक्यांत लिहिलेलं, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून ते वाचायचं. असल्या नादाला मुळीच लागू नका. पूर्ण वाक्य लिहायचं म्हणजे कर्ता लागतो, आणि कर्ता लिहिला की कुणी काय केलं नाही ते उघडं पडतं. 'फिक्श्चर मेंटेनन्स: इन प्रोग्रेस' यात कुणाचं नाव आहे का? नाही ना? हीच बुलेट पॉइंटची थोरवी.

आणि सगळ्यात मोठी टीप: जे खरोखर महत्त्वाचं आहे ते सगळ्यात शेवटी, सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात लिहा. कालच्या रिव्ह्यूचा... कालचा कसला, आठवडा झाला, पण डोकं अजून शांत व्हायला तयार नाही. तर त्या रिव्ह्यूचा विषय एकच होता. एका पार्टचं होल जागेवरून सरकतंय, कस्टमरने लॉट परत पाठवलाय, का ते सांगा. सुरुवात कंपनीच्या व्हिजनपासून झाली. मग गेल्या सहा तिमाहींचा पीपीएम (दहा लाखांत किती पार्ट खराब), बार चार्टमध्ये, मग तोच पाय चार्टमध्ये. मग फिशबोन, म्हणजे कारणं शोधायचा माशाच्या काट्यांसारखा तक्ता: मॅन, मशीन, मेथड, मटेरियल. मॅनच्या काट्याला लिहिलेलं, 'ऑपरेटर स्किल गॅप'. उपाय, 'ट्रेनिंग'. ट्रेनिंगच्या तीन स्लाइड, त्यात हार-गुच्छांचे फोटो.

मागच्या रांगेत रात्रपाळीचे सुपरवायझर बसले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दिवसाची झोप मोडून आले होते. येताना खिशातून फिक्श्चरची (मशीनवर पार्ट पकडून ठेवणाऱ्या चौकटीची) जुनी लोकेटिंग पिन घेऊन आले होते. एका बाजूने झिजून चक्क चपटी झालेली, नख फिरवलं तर कड हाताला लागत होती. जॉब, म्हणजे तो पार्ट, त्या पिनवर बसतो. पिन झिजली की जॉब हलतो, जॉब हलला की होल सरकतं. एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. अण्णांनी हात वर केला. 'अण्णा, क्वेश्चन्स लास्टला घेऊ.' पुन्हा केला. 'अण्णा, फ्लो तुटतो.' शेवटी 'थँक यू' आली, गुलाबाच्या चित्रासकट, आणि साहेबांना दुसरी मीटिंग होती. नवीन पिनांचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, कुठे होता म्हणता? त्याच पीपीटीत होता की! एक्केचाळिसाव्या स्लाइडवर, तळाला, तिसऱ्या पातळीच्या बुलेटमध्ये: 'टूलिंग स्पेअर्स: अंडर रिव्ह्यू'. ती स्लाइड वेळेअभावी 'नेक्स्ट, नेक्स्ट' म्हणत पुढे ढकलली गेली. कारण लिहिलेलं होतं, पण ते कुणाला दिसू नये अशा बेताने लिहिलेलं होतं.

यात नवीन काही नाही. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उडताना बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. यान अजून वरच होतं, तेव्हा इंजिनीअरांनी नासाच्या मॅनेजरांना धोका समजावून सांगितला. कशावर? स्लाइडवर. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. सगळ्यात खाली, आतल्या बुलेटमध्ये खरी गोष्ट होती: आदळलेला तुकडा १९२० घन इंचांचा, आणि ज्या चाचण्यांच्या जोरावर धीर द्यायचा त्यातला ३ घन इंचांचा. सहाशे चाळीस पट! ही ओळ वरती मोठ्या अक्षरात असायला हवी होती. १ फेब्रुवारीला कल्पना चावलांसह सात जण गेले. त्यांचा जीव स्लाइडमुळेच गेला असं मी म्हणत नाही, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची चिरफाड केली, आणि तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइडांवर काम भागवायच्या नासाच्या सवयीवर नेमकं बोट ठेवलं.

'अहो, आपण काय यान उडवतो का?' असं कुणीतरी म्हणणारच. नाही उडवत. आमचा पार्ट ब्रेकच्या असेंब्लीत बसतो.

आता उपरोध बस झाला, माझ्याने होत नाही. लाजा वाटू द्या थोड्या. तुम्हाला सांगायचं काय आहे हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर मीटिंग बोलवू नका. सांगता येत असेल, तर ते वाक्य पहिल्या स्लाइडवर लिहा आणि बाकीच्या टाकून द्या. चार्ट दाखवायचा तर एक दाखवा आणि तो मागच्या भिंतीपाशी स्वतः उभं राहून वाचता येतो का ते आधी बघा. पिन दाखवायची असेल तर पिनच आणा, तिचा फोटो नको. आणि ज्या माणसाला कारण ठाऊक आहे तो खोलीत बसलेला असताना त्याला 'लास्टला घेऊ' म्हणू नका. त्याची झोप मोडून त्याला काय तुमचे पाय चार्ट दाखवायला बोलावलं होतं? ऑपरेटरला ट्रेनिंग देताय! तो बिचारा पहिल्या दिवसापासून ओरडतोय की पिन गेलीय. इंडेंटवर सही करायला किती वेळ लागतो? एका स्लाइडचं अॅनिमेशन बसवायला लागतो त्याहून कमी. करा ती सही आधी. तो लॉट अजून स्टोअरच्या दारात पडलाय.