फ्लॅटची किंमत ठरवताय? मग कॅलक्युलेटर आधी लांब ठेवा

विकायचाय ना फ्लॅट? मग पहिली गोष्ट, खरी किंमत काय ते शोधायला जाऊ नका. ती कळली की रविवारचा चहा बेचव लागतो आणि इतकी वर्षं आपण चारचौघांत ज्याला 'आपली प्रॉपर्टी' म्हणत होतो तो लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधला, तिसऱ्या मजल्यावरचा, 640 चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके आहे हे एकदम अंगावर येतं. कोथरूडमध्ये 14 महिने हेच करून बसलोय, म्हणून हक्काने सांगतो.

किंमत ठरवायची जागा म्हणजे जिना. आमच्या समोरच्या दाराचे काका, फ्लॅट हुबेहूब आमच्यासारखाच, फक्त आरशात बघितल्यासारखा उलटा, ते फ्लॅट विकून मुलीकडे राहायला गेले. जाताना जिन्यात भेटले, आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "एक पंधराला गेला रे. कुणाला बोलू नकोस." आता कुणाला बोलू नकोस म्हणून सांगितलेली गोष्ट खोटी असते का कधी? त्यांचा एक कोटी पंधरा लाख, आणि आपली गॅलरी पूर्वेची, म्हणजे आपला एक वीस. लागले किती, दीड मिनिट. पुढचे 14 महिने फक्त हाच आकडा कसा बरोबर आहे हे जगाला पटवून द्यायचं असतं.

त्यासाठी वही घ्या आणि घरावर आजपर्यंत केलेला सगळा खर्च लिहून काढा. 2016 साली किचन ट्रॉल्या, ओट्याला ग्रॅनाइट, हॉलमध्ये फॉल्स सीलिंग (त्यातले निळे दिवे आता लागत नाहीत पण बसवताना पैसे लागले होते ना), बेडरूमचं भिंतीएवढं कपाट, आणि मकराण्याच्या दगडाचं देवघर, जे चार माणसांनी जिन्यातून वर आणलं, त्यांचा चहा-वडापावसुद्धा लिहा. माझी बेरीज नऊ लाखांवर गेली. ती किंमतीत मिळवायची. बघायला येणारा माणूस हॉलच्या मधोमध उभा राहून वर बघत बायकोला हळूच म्हणेल, "हे सगळं आधी काढून टाकावं लागेल गं, मजुरी किती होईल?" तिकडे दुर्लक्ष करा, लोकांना टेस्ट नसते.

मग क्षेत्रफळ. इथे खरी कला आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांना लगाम घालणारा कायदा, 1 मे 2017 ला आला तेव्हापासून बिल्डरला नव्या फ्लॅटचा एरिया कार्पेटमध्येच सांगावा लागतो, म्हणजे घराच्या आत सतरंजी घालता येईल तेवढी जागा, वर फार तर आतल्या भिंती. पण तुम्ही कुठे बिल्डर आहात? तुम्ही 'सेलेबल' सांगा. जिना, पॅसेज, वॉचमनची खोली, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालची ती कबुतरांची जागा, सगळ्यात आपला वाटा आहेच की. आमचे 640 असे फुगत फुगत 850 झाले. आणि दर मात्र नव्या टॉवरमध्ये कार्पेटला जो चाललाय तो लावायचा, जुन्या पद्धतीचा एरिया गुणिले नवा दर. समोरच्याने "कार्पेट किती?" असं विचारलंच तर म्हणायचं, "अहो, घर बघा ना आधी." (सातव्या पार्टीने खिशातून टेप काढून हॉल मोजला होता. माणसं कुठल्या थराला जातात.)

लोकेशनबद्दल लिहिताना वास्तवाला फार चिकटून राहू नका. बाबांनी 1994 मध्ये साडेचार लाखाला हा फ्लॅट बुक केला तेव्हा गॅलरीतून म्हातोबाची टेकडी दिसायची. आता समोरच्या बिल्डिंगमधल्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात, पण डाव्या कोपऱ्यातल्या तुळशीच्या कुंडीशेजारी टाचा उंच करून उभं राहिलं तर टेकडीचा एक तुकडा अजून दिसतो, म्हणून जाहिरातीत 'हिल व्ह्यू'. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो 6 मार्च 2022 ला सुरू झाली, त्या दिवसापासून आपलं घर 'मेट्रोपासून 5 मिनिटांवर' आहे. पहाटे साडेपाचला, स्कूटरवरून, सिग्नल न पाळता.

पार्किंगला 'प्रशस्त' म्हणा. लिफ्ट नाही असं लिहायचं नाही, 'शांत बिल्डिंग' लिहायचं. साठीच्या पुढचं जोडपं बघायला आलं तर तिसऱ्या मजल्यावर येऊन लागलेला दम खाली बसेपर्यंत त्यांना आधी पाणी द्या आणि मग सांगा की आमच्या आईचे गुडघे याच जिन्याने शाबूत ठेवले. ते लोक परत येत नाहीत हा भाग वेगळा.

आणि हुकमाचा एक्का म्हणजे रीडेव्हलपमेंट. "बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय" हे वाक्य कुजबुजत म्हणायचं. चाललीय ती 2012 पासून, सोसायटीच्या मीटिंगा झाल्या, त्यात समोसे झाले, भांडणं झाली, दोन कमिट्या बदलल्या. एखादा खडूस ग्राहक विचारेल की कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का अजून मूळ मालकाच्याच, आणि पुढचा रस्ता किती मीटरचा, कारण जास्तीचं बांधकाम, म्हणजे एफएसआय, टीडीआर किती मिळणार ते त्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. असला ग्राहक चांगला नाही. त्याला दुसरा चहा विचारू नका.

एजंट मात्र एक नाही, पाच नेमा. पाच एजंटांनी पाच साइट्सवर एकच फ्लॅट पाच किंमतींना टाकला की बघणाऱ्याला वाटतं बिल्डिंगमधले पाच जण पळ काढतायत, पाणीबिणी येत नसेल. आमचा पहिला एजंट भला माणूस होता. गॅलरीत उभा राहून, टॉवेलांकडे बघत म्हणाला, "साहेब, पंच्याऐंशी धरा, महिन्यात काढून देतो." मी त्याला त्याच दिवशी बंद केला. दुसरा म्हणाला, "एक वीस? आरामात, एक तीसची पार्टी आहे माझ्याकडे." हा हुशार वाटला. ती एक तीसची पार्टी दुबईला होती. अजून तिथेच असावी.

आता सरकारी आधार. 1 एप्रिल 2025 पासून रेडी रेकनर वाढला, राज्याची सरासरी 3.89 टक्के, तर त्या दिवशी पेपर वाचून मी बायकोला म्हटलं, बघ, बसल्या जागी आपले चार-पाच लाख वाढले. रेडी रेकनर म्हणजे स्टॅम्प ड्युटी कमीत कमी किती रकमेवर लावायची त्याचा सरकारी तक्ता, तो वाढला म्हणून घेणाऱ्याच्या खिशात पैसे वाढत नाहीत, उलट त्याची ड्युटी तेवढी वाढते, असं माझा सीए मेहुणा म्हणाला. मेहुण्यांचं ऐकायचं नसतं.

एवढं सगळं व्यवस्थित केलं की आठ-नऊ महिन्यांनी एक जोडपं येतं, ज्याला घर मनापासून आवडतं. आमच्याकडे आलं. दोघं आयटीतले, तिने देवघराला हात जोडले, त्याने गॅलरीत टाचा उंच केल्या. मग तो सोफ्यावर बसला आणि मोबाइलमध्ये आकडे टाकायला लागला आणि मला वाटलं ईएमआय काढतोय. तो बोलत बोलत हिशेब करत होता, मी नाइलाजाने ऐकला: बँकेचा व्हॅल्युअर येणार, तो निळे दिवे बघणार नाही, तो बिल्डिंगचं वय आणि कार्पेट बघणार आणि 80 लाख लिहिणार. बँक करारातली रक्कम आणि व्हॅल्युएशन यात जे कमी असेल त्यावर कर्ज देते, आणि या रेंजमध्ये जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 64 लाख. तुमचे एक वीस, म्हणजे 56 लाख माझे. वर पुण्यात स्टॅम्प ड्युटी, मेट्रोचा आणि एलबीटीचा (स्थानिक संस्था कर) एकेक टक्का धरून 7 टक्के, म्हणजे 8 लाख 40 हजार, नोंदणीचे 30 हजार, एकूण 64 लाख 70 हजार रोख आणायचे. "एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का वाचेल," ती म्हणाली. तो हसला. माझ्या बायकोने पोहे केले होते, ते त्यांनी सगळे संपवले, आभार मानले आणि गेले.

अशा वेळी खचायचं नाही. आपल्याकडे काकांचा एक पंधरा आहे ना. मी मेहुण्याला तेच म्हटलं, तर तो म्हणाला, मग इंडेक्स टू काढून बघू की. हे नवीनच. म्हणे नोंदणी विभागाच्या साइटवर कुठल्याही नोंदलेल्या व्यवहाराचा इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा गोषवारा, बघता येतो, गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकायचा, दिसत नाही असा कॅप्चा पाच वेळा भरायचा आणि बसून राहायचं. तुम्ही हे अजिबात करू नका. मी केलं. पान उघडलं. वर दस्ताचा प्रकार, मग '(2) मोबदला', मग '(3) बाजारभाव' आणि त्यापुढे कंसात ते भाडेपट्ट्याचं वाक्य जे आजपर्यंत कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नाही, खाली क्षेत्रफळ 59.46 चौरस मीटर, म्हणजे आमचेच 640. आणि मोबदल्यासमोर: 82,00,000.

मी चष्मा पुसला. मग मला पुणेकराला सुचतं तेच सुचलं, की वर रोख घेतले असणार. तेहतीस लाख रोख! मेहुण्याने शांतपणे सांगितलं की 2015 च्या जूनपासून घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्यावर रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि काका म्हणजे रिटायर्ड पोस्टमास्तर, भाजीवाल्याकडून दोन रुपये परत मागणारे, ते एवढी नोटांची बॅग घेऊन कुठे जातील. मग त्याने त्याच गल्लीतले आणखी चार इंडेक्स टू काढले. 79, 86, 81, आणि एक 91, तो लिफ्ट आणि कव्हर्ड पार्किंगवाला. सगळी उत्तरपत्रिका समोर उघडी पडली होती, तीही फुकट, आणि मी 14 महिने कॉपी करायची सोडून वहीत वडापावचे पैसे लिहीत होतो.

त्या रात्री मी पहिल्या एजंटला फोन लावला, ज्याला बंद केला होता त्याला. त्याने "बोला साहेब" इतकंच म्हटलं, टोमणा मारला नाही, त्याबद्दल त्याचे आभार. पाच आठवड्यांत 84 ला व्यवहार झाला, व्हॅल्युअर आला, त्याने देवघराकडे बघितलंसुद्धा नाही. घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात फॉल्स सीलिंग उतरवलं. मधल्या 14 महिन्यांचा मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स आणि त्या 84 लाखांवरचं बुडालेलं व्याज यांची बेरीज मेहुण्याने करून ठेवलीय, तो पाठवतो म्हणाला, मी म्हटलं नको.

किल्ली द्यायला गेलो त्या दिवशी जिन्यात पहिल्या मजल्यावरचे काका भेटले. त्यांनाही विकायचाय, मुलगा कॅनडाला आहे. "केवढ्याला गेला रे?" त्यांनी विचारलं.

मी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला.

"एक अठरा," मी म्हटलं. "पण कुणाला बोलू नका."

परवा साइटवर त्यांची जाहिरात बघितली. एक पंचवीस, हिल व्ह्यू.