प्लॉटचं पाणी आधी प्लॉटवरच मुरू द्या

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. शेजारच्या काकूंच्या हाकांनी जाग आली, पलंगावरून पाय खाली टाकला तर घोट्यापर्यंत पाणी. तासाभरात फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. आईनं आधी देवघरातले देव उचलले, मग बाबांच्या पेन्शनची फाईल. त्या रात्री ४ तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली.

तेव्हापासून बोलणं होतं ते तलावाच्या सांडव्याचं, नदीतल्या अडथळ्यांचं. व्हायलाच हवं. मला बोलायचंय नदीत पोचायच्या आधीच्या पाण्याबद्दल.

१५०० चौरस फुटांचा प्लॉट घ्या. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे त्यावर जवळपास १४,००० लिटर पाणी. आमच्या अंगणात पूर्वी माती होती, कडुनिंब होता. मग आम्हीही कंपाउंडभर गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, बसवले. आता सगळं पाणी गेटातून रस्त्यावर. आणि रस्ता? सिमेंटचा झाला तेव्हा आमच्या जोत्यापेक्षा वर गेला. पाणी परत आमच्याच दारात.

राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत रेन वॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे ते ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला. म्हणजे सुमारे ५,४०० चौरस फूट! आपल्या ले-आउटांमध्ये एवढा प्लॉट कितीजणांकडे आहे? नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात, २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर रेषेच्या आत की बाहेर, हे बघतात. त्या रेषेपर्यंत पाणी ढकलणाऱ्या हजारो छोट्या प्लॉटांचं काय?

माझं स्पष्ट मत आहे, ही अट १,००० चौरस फुटांपर्यंत खाली आणा. आणि बांधकामाच्या नकाशावर शोषखड्ड्याचं नुसतं वर्तुळ काढून भागवू नका. आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते, पाणी सहज खाली सोडत नाही. शोषखड्डा मुरुमापर्यंत न्यावाच लागतो. तो भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी कुणीतरी प्रत्यक्ष येऊन बघावा. रस्ता नवा करताना जुना खोदून त्याच लेव्हलला करावा.

आम्ही यंदा मे महिन्यात दोन बाजूंचे गट्टू काढले. मिस्त्री म्हणाला, "ताई, चिखल होईल." झाला. पहिल्या मोठ्या पावसात मी गेटपाशी उभी राहून बघत होते, बाहेर जाणारी धार अर्ध्यावर आली होती. रविवारी तोच मिस्त्री काकूंकडे जातोय.