सुजाण प्रेक्षकांसाठी मोफत मार्गदर्शन

मुंबई महापालिकेची निवडणूक 15 जानेवारी 2026 ला झाली, 2017 नंतर पहिल्यांदाच. मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी माझ्या मनात एक अत्यंत अव्यवहारी इच्छा आली. म्हटलं, आपल्या वॉर्डात कोण कोण उभं आहे ते जरा टीव्हीवर बघू. जेवणं उरकेपर्यंत रिमोट दाबत बसलो. एका वाहिनीवर सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी बोलत होती. दुसऱ्या वाहिनीवर एका नेत्याची गाडी बंगल्याच्या गेटातून आत जाताना दाखवत होते. मग तीच गाडी पुन्हा आत गेली. बाहेर कधी आली ते कळलं नाही, माझ्या वॉर्डाचं तर नावच सोडा.

तुमची अशी फसगत होऊ नये, म्हणून या चार गोष्टी.

बातम्यांच्या वाहिनीवर बातमी शोधू नये.

चर्चेत ज्या एका माणसाने विषयाचा अभ्यास केलाय तो तोंड उघडतो आणि ब्रेक येतो. ती वेळ पाणी प्यायची, हे लक्षात ठेवावं.

पावसाळ्यात दादरच्या हिंदमाताला कमरेएवढ्या पाण्यात उभं असताना समोर माईक आला आणि ‘काय वाटतंय तुम्हाला?’ असं विचारलं, तर उत्तर तयार ठेवावं. ‘मस्त वाटतंय’ म्हणालात तर दिवसभर दाखवतील. पंप का चालले नाहीत, असं उलट विचारू नये. माईकवाल्याला पुढच्या चौकात जायचं असतं.

पेपर घेतलात तर पहिलं पान शोधण्याचा व्यायाम रोज करावा. दोन जाहिराती उलटल्या की सापडतं. निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या ‘कार्यसम्राटा’वर अर्धं पान मजकूर आला आणि त्यात एकही वाकडा शब्द नसला, तर भारावून जावं. 2009 च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजची, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या जाहिरातींची, फार बोंब झाली, तेव्हा पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने चौकशीला उपसमिती नेमली होती. तिचा अहवाल 2010 साली तयार झाला. त्यात पेपरांची नावं होती. कौन्सिलने काय केलं? अहवाल बाजूला ठेवून त्याची आटोपशीर आवृत्ती छापली. मूळ अहवाल बाहेर यायला माहिती अधिकाराची कटकट करावी लागली. वाचकांची माहिती वाचकांपासून किती जपून ठेवतात बघा!

आता मुख्य मार्गदर्शन. पालिकेत काय चाललंय, असा प्रश्न स्वतःला कधीही पडू देऊ नये. 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली. तेव्हापासून पावणेचार वर्षांहून जास्त काळ या शहरात एकही नगरसेवक नव्हता. 227 खुर्च्या रिकाम्या. स्थायी समिती नाही, सभागृह नाही. आयुक्त तेच प्रशासक, म्हणजे ज्याने अर्थसंकल्प मांडायचा त्यानेच मंजूर करायचा. 2025-26 चा आकडा होता 74,427 कोटी रुपये. हे पैसे कोणी, कुठे, कोणाला विचारून खर्च केले, यावर आठवड्यातून एक तास तरी चर्चा झाली असती, तर मी केबलवाल्याला बिल मागायच्या आत दिलं असतं. पण छे. त्याच 2022 सालच्या जूनमध्ये गुवाहाटीला गेलेल्या बंडखोर आमदाराचं झाडी, डोंगार आणि हाटील आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की शेजारच्यांच्या नातवाला ते बडबडगीतासारखं पाठ झालं. आमच्या गल्लीतला रस्ता काँक्रीटचा करायला म्हणून खणला, तसाच सोडला, पावसात त्याचं तळं झालं. तक्रार कोणाकडे करायची? नगरसेवक ‘माजी’. वाहिनीला फोन केला, तर पलीकडून विचारलं, ‘कोणी पडलंय का त्यात?’ नाही म्हटलं. ‘मग व्हिज्युअल काय आहे?’

व्हिज्युअल! आमची लोकशाही पावणेचार वर्षं बंद होती, तिचं व्हिज्युअल नव्हतं म्हणून ती बातमी नाही?

6 जानेवारीला पत्रकार दिन झाला. 1832 साली त्याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी याच मुंबईत ‘दर्पण’ काढलं, म्हणून सत्कार, शाली, नारळ, भाषणं. एकीकडे मराठी, एकीकडे इंग्रजी मजकूर ठेवायचे, दोघांना वाचता यावं म्हणून. आणि वाहिनीवाल्यांनो, नऊ दिवसांवर मतदान असताना तुम्ही आम्हाला काय दिलंत? युती, जागावाटप, पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाला मिळाला, कोण रडलं, कोण रुसलं.

जाऊ दे ते मार्गदर्शन. सरळच सांगतो. सत्ता कोणाच्या हातात जाणार, हे तुम्ही चोवीस तास सांगता. ती मिळाल्यावर तो माणूस तिचं काय करतो, ते सांगायला तुमच्याकडे वेळ नाही, कारण त्यासाठी कागद वाचावे लागतात. आणि आपण प्रेक्षक काही कमी नाही. तोंडाने शिव्या घालतो आणि डोळे भांडणावरून काढत नाही. उमेदवारांची नावं, त्यांच्या शपथपत्रात काय लिहिलंय, मागच्या वेळी निवडून आल्यावर काय केलं, एवढंच तर सांगायचं होतं. तेवढं जमत नसेल, तर त्या सहा चौकटी बंद करा आणि सरळ कुस्त्या दाखवा. निदान कोण पडला ते तरी कळेल.