मनाचा सराव शेवटच्या पंधरवड्यात नको
धावपटूंनी शर्यतीच्या दोन आठवडे आधी मानसिक तयारी सुरू करावी, असा सल्ला एका लेखात वाचला; तो पटला नाही. स्वतःशी बोलायची वाक्यं थकलेल्या पायांवरच रुजतात, म्हणून ती पायाभरणीच्या, म्हणजे शर्यतीच्या बऱ्याच आधी सहनशक्ती वाढवण्याच्या महिन्यांपासूनच हवीत. दोनच वाक्यं निवडा, छोटी आणि कृती सांगणारी: ‘खांदे सैल’, ‘पावलं छोटी’. लांब पल्ल्याच्या धावेत शेवटची 20 मिनिटं तीच वापरा. ‘मी जिंकणारच’ असली वाक्यं मॅरेथॉनच्या 32व्या किलोमीटरला गळून पडतात, कारण शरीर उलटंच सांगत असतं.

कल्पनाचित्रणातही, म्हणजे शर्यत आधीच मनात घडवून पाहतानाही, बहुतेक जण फक्त अंतिम रेषा पाहतात. त्यापेक्षा पोटात गोळा येणं, पाण्याचा थांबा चुकणं डोळ्यांसमोर आणा आणि पुढची कृती ठरवून ठेवा: पोट बिघडलं तर दोन मिनिटं वेग कमी, मग घोट-घोट पाणी.

प्रशिक्षकाने मात्र रोज सरावानंतर अर्ध्या तासाने 1 ते 10 मध्ये श्रमाचा आकडा, म्हणजे धावपटूला सराव किती जड वाटला ते, लिहून घ्यावा. त्याच वेगाला 5 ऐवजी सतत 7 येऊ लागला, तर ‘मन कमकुवत’ म्हणण्याआधी झोप, आहार आणि सरावाचा भार तपासा. नियमित नोंदी असतील तर हा फरक वेळेत कळतो.