बोट दाबू नका, हायपोत बुडवू नका, रिपोर्टची वाट बघू नका

मंगळवारी सकाळी साडेअकराला माझ्या भाचीला सुई टोचली. मला फोन आला बुधवारी रात्री साडेनऊला. मधले ३४ तास ती एका व्हॉट्सॲप मेसेजच्या भरवशावर बसून होती.

ती डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करतेय, सांगली जिल्ह्यातल्या एका खासगी लॅबमध्ये ट्रेनिंगला जाते. मी गेली २३ वर्षं सरकारी रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजीत टेक्निशियन आहे. फोनवर तिने आधी रडून घेतलं, मग तो मेसेज मला पाठवला. ‘लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने जपून ठेवा’ असं वर ठळक, खाली ७ मुद्दे, लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्यांच्या लॅबमधल्या सिनिअरने तो नव्या मुलामुलींच्या ग्रुपवर टाकला होता. परवा तोच मेसेज आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि शिकल्यासवरल्या माणसांनी त्याखाली हात जोडून आभार मानले. आता गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा असा: ‘सुई टोचल्यास बोट जोरात दाबून रक्त वाहू द्यावे, नंतर बोट ५ मिनिटे हायपोमध्ये बुडवावे. सर्व विषाणू मरतात.’

भाचीने अगदी हेच केलं. (हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचचं पाणी.) दुसऱ्या रात्री व्हिडिओ कॉलवर तिने बोट दाखवलं. डाव्या हाताची तर्जनी, पेरापर्यंत कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, नखाच्या कडेला साल निघालेली, आणि टोचलं तिथे दाबून दाबून काळानिळा डाग. टोचल्याची खूण टाचणीच्या टोकाएवढी. बाकीची सगळी इजा मेसेजने केलेली.

दाबल्याने विषाणू बाहेर येतो याला कसलाही पुरावा नाही. सुईने आत नेलेलं रक्त एखाद्या कप्प्यात साठून राहत नाही की दाबलं आणि बाहेर आलं. दाबून फक्त आजूबाजूचं मांस चेचतं. चेचलेल्या जागी सूज येते आणि सुजेबरोबर पांढऱ्या पेशी धावून येतात. एचआयव्हीला शिरायला हव्या असतात त्या याच जातीच्या पेशी. हायपो तर फरशीसाठी आहे. रक्त सांडलं की वर कापूस किंवा कागद टाकायचा, १ टक्का हायपो ओतायचं, २० ते ३० मिनिटं थांबायचं आणि मग पुसायचं, हे त्याचं काम. जिवंत कातडीवर ते भाजतं, आणि भाजलेली कातडी म्हणजे आणखी एक उघडं दार.

नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत हे इतक्या सरळ शब्दांत दिलंय की वाद घालायला जागाच नाही. घाबरू नका, टोचलेलं बोट तोंडात घालू नका, दाबून रक्त काढू नका. ब्लीच, क्लोरीन, स्पिरिट, बीटाडिन, आयोडिन यातलं काही लावू नका. साबण आणि वाहतं पाणी, बस. डोळ्यात उडालं तर पाण्याने किंवा सलाईनने धुवा. बेसिन तिच्यापासून चार पावलांवर होतं. साबणही होता.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तो करतो. ‘पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट येईपर्यंत थांबावे. निगेटिव्ह असल्यास काही करण्याची गरज नाही. पीईपीच्या गोळ्या किडनी व लिव्हर खराब करतात.’

पीईपी म्हणजे विषाणूशी संपर्क आल्यावर लागण टाळायला घ्यायची औषधं. सुई टोचल्यावर विषाणू लगेच सगळ्या अंगात जात नाही. तो आधी टोचलेल्या जागच्या पेशींत शिरतो, तिथून जवळच्या लसिका गाठीत (लिम्फ नोडमध्ये) जातो, मग रक्तात. याला साधारण दोन-तीन दिवस लागतात, आणि पीईपीची औषधं त्याला गाठायची असतात ती याच काळात. म्हणून पहिली गोळी शक्य तितक्या लवकर, जमलं तर २ तासांच्या आत, आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत. लोक ७२ हा आकडा तेवढा लक्षात ठेवतात आणि निवांत होतात. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. तोवर थांबायला हरकत नाही असा नाही.

या औषधांनी खरंच फरक पडतो का, तर पडतो. सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने फ्रान्स, ब्रिटन आणि इटलीतल्या नोंदी धरून केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या झिडोव्हुडिन या एचआयव्हीच्या औषधाने लागण होण्याची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. ते एकच औषध होतं, आणि जुनं. आज आपल्याकडे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं एका गोळीत मिळतात. रोज एक, २८ दिवस. सरकारी रुग्णालयात पैसे पडत नाहीत. मळमळ होते, डोकं दुखतं, कुणाची झोप उडते. किडनीचं म्हणाल तर टेनोफोव्हिरमुळे किडनीवर लक्ष ठेवावं लागतं हे खरं, म्हणूनच डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, किडनी नीट चालतेय का ते त्यावरून कळतं. पण २८ दिवसांच्या गोळ्यांची धास्ती घालून माणसाला आयुष्यभराच्या गोळ्यांच्या तोंडी द्यायचं, याला सल्ला म्हणत नाहीत.

आणि पेशंट निगेटिव्ह निघाला तर गोळ्या बंद करता येतात. एक-दोन गोळ्या फुकट गेल्या, एवढंच. गेलेले तास मात्र परत मिळत नाहीत.

भाचीला मी त्याच रात्री सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत पाठवलं. तिच्या बाबांनी मोटारसायकलवरून नेलं. पहिली गोळी पोटात गेली तेव्हा ३६ तास झाले होते. गुरुवारी दुपारी पेशंटचा रिपोर्ट आला. एचआयव्ही निगेटिव्ह. घरात सगळ्यांनी देवाला नमस्कार केला. त्याच कागदावर खालच्या ओळीत होतं, एचबीएसएजी पॉझिटिव्ह.

म्हणजे हेपॅटायटिस बी. सातही मुद्द्यांत या आजाराचं नाव एकदासुद्धा आलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग आहे तो याचा. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर हजारात साधारण ३ जणांना लागण होते. लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बी असलेल्या रक्ताची सुई टोचली तर १०० पैकी ६ पासून ३० जणांपर्यंत. पेशंटच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर आकडा खालीवर होतो. आपण भितो एकाला, आणि गाठतो दुसराच.

भाचीचा लसीचा एकच डोस झाला होता, कॉलेजच्या शिबिरात. दुसऱ्या डोसाच्या वेळी परीक्षा होती, मग राहूनच गेला. ट्रेनिंगला घेताना लॅबने विचारलं नाही. तिला इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन द्यावं लागलं. ते २४ तासांत मिळालं तर उत्तम, ७ दिवसांच्या आत तरी मिळायलाच हवं. ते आणायला तिचे बाबा तीन मेडिकल फिरले. शिवाय लसीचे डोस. तिन्ही डोस वेळेवर झाले असते आणि अँटिबॉडी १० च्या वर आल्या असत्या, तर त्या दिवशी हात धुऊन, नोंद करून ती कामाला लागली असती. ० महिना, १ महिना, ६ महिने, आणि शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे अँटिबॉडी किती आल्या याची तपासणी. लॅबमध्ये पाऊल टाकण्याआधीचं काम आहे हे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं मालकावर बंधनकारक केलंय. सुया-नळ्या टाकणारी ट्रेनी मुलगी कचरा हाताळत नाही तर काय करते?

दुसरा मुद्दा, ‘वाळलेल्या रक्ताची भीती नाही, विषाणू हवेत लगेच मरतो.’ एचआयव्हीपुरतं हे अर्धं खरं आहे, मान्य करते. तो शरीराबाहेर नाजूक असतो, वाळल्यावर त्याची ताकद झपाट्याने जाते. पण हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस टिकतो, डोळ्यांना डागही दिसत नसला तरी. सेंट्रिफ्यूजच्या झाकणावरचा, रॅकच्या कोपऱ्यातला, फोनच्या कव्हरवरचा तो जुना तांबूस ठिपका आठवा.

चौथा: ‘दोन ग्लोव्हज घातल्यास धोका नाही.’ ग्लोव्हमधून जाताना सुईवरचं काही रक्त पुसलं जातं, तेवढा फायदा होतो. सुई थांबत नाही. ग्लोव्ह घाला, तो बदला, त्याच हाताने दाराची मूठ आणि कीबोर्ड धरू नका.

पाचव्यात म्हटलंय, ‘सुई टाकण्यापूर्वी टोपण घट्ट बसवावे.’ भाचीला सुई टोचली ती हे करतानाच. एका हातात सुई, दुसऱ्या हातात टोपण, आणि दोन्ही हात एकमेकांकडे येतायत. टोपण चुकलं की सुई थेट बोटात. पण तिने टोपण का लावलं हेही सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष पोरीवर येतो. त्या लॅबमध्ये व्हॅक्युटेनरचे, म्हणजे रक्त थेट नळीत ओढून घेणाऱ्या सुईचे होल्डर परत वापरतात. होल्डर वाचवायचा तर सुई फिरवून काढायला लागते, आणि सुई फिरवायची तर आधी टोपण. शिवाय व्हॅक्युटेनरच्या सुईला मागच्या बाजूलाही टोक असतं, रबराच्या नळीखाली झाकलेलं, तेही टोचतं. होल्डर सुईसकट धारदार कचऱ्याच्या पांढऱ्या डब्यात जायला हवा. सिरिंज असेल तर पेशंटजवळच हब कटरमध्ये सुई कापायची. डबा पाऊण भरला की बंद. आणि टोपण लावणं टळतच नसेल तर ते ट्रेवर आडवं ठेवून एका हाताने सुईनेच उचलायचं, दुसरा हात पाठीमागे.

सहावा मुद्दा, रोज गूळ आणि दूध घेतल्याने फॉर्मॅलिन-झायलीन या लॅबमधल्या रसायनांचा त्रास होत नाही. गूळ खा, चांगला असतो. वाफ नाकातून फुप्फुसात जाते, तिला एक्झॉस्ट आणि फ्यूम हूड, म्हणजे वाफ बाहेर ओढून नेणारं कपाट लागतं.

सातवा. ‘अशा गोष्टींचा गवगवा करू नये, लॅबचे नाव खराब होते.’ भाची ३४ तास गप्प राहिली ती या वाक्यामुळे. नोंद हा तुमचा आधार आहे. त्या दिवशीची तारीख, वेळ, स्वतःच्या रक्ताची तपासणी हे कागदावर नसेल, तर सहा महिन्यांनी काही निघालं तेव्हा कामावर लागलं हे सिद्ध करता येणार नाही. एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. खबरदारीची साधनं, ती वापरण्याचं प्रशिक्षण आणि पीईपी हे सगळं कर्मचाऱ्यांना देणं आणि ते उपलब्ध आहे असं त्यांना सांगणं, ही त्याच्या कलम १९ प्रमाणे आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेची जबाबदारी आहे. खासगी लॅब त्यातून सुटत नाही. कामावर आहात तर आजच विचारून ठेवा: रात्री अकराला सुई टोचली तर पहिली गोळी कुठल्या कपाटात आहे, किल्ली कुणाकडे?

भाचीच्या एचआयव्हीच्या गोळ्या रिपोर्टनंतर डॉक्टरांनी बंद केल्या. हेपॅटायटिसच्या तपासण्या ६ महिने चालतील. बोटाची कातडी आता भरून आलीय.

ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या त्या सिनिअरला मी फोन केला होता. भांडायच्या तयारीनेच केला. तो म्हणाला, ‘ताई, मला पण असंच शिकवलं होतं. १४ वर्षं असंच करतोय.’ मी विचारलं, स्वतःची लस? बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. त्याने एकही डोस घेतलेला नव्हता. सोमवारी त्याने एचबीएसएजी तपासून घेतलं आणि पहिला डोस घेतला. दुसऱ्याची तारीख मी माझ्याही कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.