नाण्यांवरचा ग्रंथ आधीचा

अठराव्या शतकातले इंग्लिश लेखक स्टीफन मार्टिन लीक यांनी कुलचिन्ह अधिकारी (म्हणजे घराण्यांच्या ढालींवरच्या चिन्हांचं काम बघणारे) झाल्यावर फावल्या वेळात नाण्यांवर लिहिलं, असं एका लेखात वाचलं. ते विधान पटलं नाही. क्रम नेमका उलटा आहे. इंग्लंडच्या नाण्यांचा त्यांचा इतिहास १७२६ चा. कुलचिन्हांचं काम बघणाऱ्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेत ते १७२७ ला आले आणि 'गार्टर किंग ऑफ आर्म्स', म्हणजे तिथले सर्वोच्च अधिकारी, तर थेट १७५४ ला झाले. मध्ये १७४५ ला ग्रंथाची वाढवलेली आवृत्तीही काढली. याला फावला वेळ कसं म्हणायचं?

शिवाय नाणी आणि कुलचिन्हं हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. इंग्लंडचा राजा चौथ्या हेन्रीचं 'नोबल' हे सोन्याचं नाणं बघा. जहाजात उभ्या राजाच्या ढालीवर फ्रान्सचं चिन्ह असलेली लिलीची फुलं आधी चार, नंतर तीन, आणि त्यावरूनच नाणं आधीचं की नंतरचं ते ठरतं. मी कंपनी सरकारची तांब्याची नाणी जमवतो. १८३५ च्या पाव आण्यावरची दोन सिंहांमधली ढाल समजून घ्यायला मलाही कुलचिन्हांचंच पुस्तक उघडावं लागलं.